ओल्या खळीची बाटली

पुतळाबाईचे डोळे कधी जागेवर बसले नाहीत. कुठं झाकण दिसलं की उघड, गाठोडं दिसलं की सोड, दोन माणसं कुजबुजली की हिचा कान तिकडे वळलाच. चाकणच्या बाजूच्या शेतकरी घरातली पोर. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून शिक्का मारला. बाप मात्र वेगळ्या मातीचा निघाला. गावानं तोंडात बोटं घातली तरी त्यानं पोरीला पुण्याला नर्सिंग शिकायला घातलं. तिथं हिचं सुरू. तापाची नळी झटकल्याशिवाय पारा खाली का येत नाही? जखमेला पू होतो तो येतो कुठून? शिकवणाऱ्या बाई शेवटी म्हणाल्या, "पुतळाबाई, परीक्षेत जेवढं विचारतील तेवढंच विचारा." हिनं ऐकलं असेल तर शपथ.

शिकून आली ती आळंदी आणि चाकणच्या मधल्या एका धर्मादाय दवाखान्यात लागली. दवाखान्याचं नाव कशाला घ्या. बांधणारे गेले, त्यांच्या नातवंडांच्या जिवाला घोर नको. आठ खाटा, एक डॉक्टर, दोन नर्सबाया. कंपाउंडर होता, तो चांगली नोकरी मिळाली म्हणून सहा महिन्यांपूर्वी निघून गेला होता, आणि दुसरा पाठवू पाठवू म्हणत ट्रस्टवाल्यांनी दिवाळी काढली, संक्रांतही काढली. मग औषधं ओतायचं कामही नर्सबायांच्याच गळ्यात आलं.

दुसरी नर्स शालनबाई. सोलापूरकडची, पुतळाबाईपेक्षा दहा वर्षांनी मोठी, नवऱ्यानं टाकलेली. मागं ना पुढं कुणी. दवाखान्यामागची खोली हेच तिचं घर आणि पुतळाबाईचंही. बाई मोठी खमकी होती. पुतळाबाई नवी लागली तेव्हा तिचा दीर तिला ओढून न्यायला आला होता. विधवा बाई परक्या पुरुषांच्या नाड्या धरते म्हणजे काय, घराण्याचं नाक गेलं म्हणाला. शालनबाई एनिमाचा डबा हातात घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पाहुणं, पोट साफ करून घ्यायचं असंल तर आत या, न्हाईतर वाट धरा." दिरानं वाट धरली. पुढल्या वर्षी पुतळाबाईला विषमज्वर झाला तर याच बाईनं चाळीस दिवस तिला पाणी पाजलं, तिचे कपडे धुतले, केस गळाले तेव्हा तेल लावलं. आईनं केलं नसतं एवढं केलं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं ते या उपकारांच्या डोक्यावर पाय देऊन झालं.

आता बाटल्यांचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय गोष्टीला हात घालता येत नाही. त्या काळी दवाखान्यात औषध मिळे, बाटली मिळत नसे. ज्यानं त्यानं आपली न्यायची. कुणी तेलाची आणी, कुणी आसवाची, कुणी शेजाऱ्याची उसनी. ती धुऊन तीत औषध ओतायचं आणि बाहेरून कागदाची उभी पट्टी चिकटवायची. वाचता न येणाऱ्या माणसाची चिठ्ठी म्हणजे ती पट्टी. कागद घडीवर घडी दुमडायचा, दुमडीवर कात्रीनं टवका काढायचा, आणि उलगडला की सारख्या अंतरावर खुणा उमटायच्या. दोन घड्या घातल्या की पट्टीचे चार भाग, ते मोठ्या माणसाचे डोस. तीन घड्या घातल्या की आठ, ते लहान पोरांचे. औषध तेच, घोट निम्मा. एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर औषध उतरलं की एक डोस पोटात गेला. पट्टी चिकटवायला कणकेची खळ, ती शिजवून करवंटीत ठेवलेली असायची. अडाण्यातली अडाणी बाईसुद्धा या खुणांवरून औषध बिनचूक द्यायची.

ही गोष्ट छप्पन्न सालच्या फाल्गुनातली. पिंपरीला सरकारनं इंजेक्शनच्या औषधाचा मोठा कारखाना काढला होता आणि तिथं म्हणे बुरशीपासून औषध काढत होते. बुरशीपासून. पुतळाबाईला हे कळल्यापासून चैन पडेना. तिनं शिळी भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि रोज झाकण काढून बघू लागली. पाचव्या दिवशी हिरवी लव आली तेव्हा ती नाचायची बाकी होती. शालनबाईनं वास आला म्हणून डबा उकिरड्यावर रिकामा केला आणि वर सांगितलं, "पुतळे, बुरशीचं खूळ आता तरी सोड." खूळ सुटलं नाही, उलट वाढलं. पिंपरी काही काशी नव्हे. जाऊन बघून यावं की.

पण जायचं कधी? रजा मागितली तर डॉक्टर विचारणार कशाला, आणि बुरशी बघायला म्हणून सांगायची सोय नाही. शेवटी शालनबाईच म्हणाली, "जा एकदाची. डोक्यातला किडा निघू दे. मी रजिस्टरात लिवते, बाळंतपणाला गेली म्हणून." पुतळाबाईनं शनिवार धरला. चाकणचा बाजार शनिवारी, जादा गाड्या सुटायच्या, परत यायला बरं. बाजारच्या दिवशी दवाखान्यातही चौपट गर्दी असते हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही गेली. एस.टी.नं भोसरीपर्यंत, तिथून पायी पिंपरीला. कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आत काही सोडलं नाही. पण बिचारा बोलका होता. काचेसारखं लखलखतंय सगळं, आत जाताना चप्पल काढावी लागते, देवळातल्यागत, असं त्यानं सांगितलं. तेवढ्यावर खूश होऊन ती संध्याकाळी परत आली. शालनबाई खाटेवर पाय वर करून पडली होती. दिवसभरात नव्वद माणसं झाली म्हणाली. पुतळाबाईनं तिचे पाय चेपून दिले.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला गेनू नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी दवाखान्याशी थांबली. गेनूची आई गोजाबाई अडीच वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि पोराची आई, गवराबाई, गाडीमागून चालत आली होती. पोराचं नाव बन्सी. मान टाकून झोपलेलं. काल दुपारपासून धड उठलंच नव्हतं. शनिवारी खोकल्याचं औषध नेलं होतं, खोकला थांबला, पण पोरगंही थांबल्यासारखं झालं, असं गोजाबाईनं सांगितलं.

उद्धवराव डॉक्टर म्हणजे माणूस सोन्यासारखा, पण डोकं चुलीसारखं. त्यांनी पोराची पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी, म्हणजे अफूची खूण. त्यांनी मान वर करून दोघी बायकांकडे पाहिलं. त्या खोकल्याच्या औषधात अफूचा अंश असे, आणि या मुलखातल्या बायका शेतावर जाताना तान्ह्यांना अफूची बारीक गोळी चाटवून झोपवत. डॉक्टरांनी त्यावर दहा वर्षं घसा कोरडा केला होता. त्यांचं मन लगेच तिकडे गेलं. त्यांनी विचारलं, "कितीदा पाजलंत?"

"तीनदा," गवराबाई म्हणाली. "शनिवारी सांजच्याला, काल सकाळी आन् दुपारी. खुणंबरहुकूम."

गेनूला बाटली आणायला परत घरी पिटाळलं. पोराच्या तळपायांना चापट्या मारणं, काळी कॉफी चमच्यानं सोडणं आणि श्वास मोजणं पुतळाबाईकडे आलं. मिनिटाला दहा, मग बारा. बारा वाजेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग पोरानं तोंड वाकडं करून भोकाड पसरलं, आणि त्या दिवशी त्या दवाखान्यात त्याच्याइतकं गोड कुणी गायलं नसेल. दोन वाजता बन्सीनं दूध मागितलं. जिवावरचं टळलं होतं.

तीनला गेनू बाटली घेऊन आला. पुतळाबाई पोरापाशी होती म्हणून त्यानं ती दारात शालनबाईच्या हातात दिली. साडेतीनला डॉक्टर चहा पिऊन आले, बाटली त्यांच्या टेबलावर आली आणि सगळ्यांना बोलावणं गेलं.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. आठ भागांतले दोनच उरले होते. "तीन डोस दिले म्हणता, आणि सहा भाग उतरले कसे?"

गवराबाई म्हणाली, "तीनच उतारलं, डाक्टर. चार व्हतं, येक ऱ्हायलं."

"चार? मोजा बघू."

तिनं पुढं येऊन पट्टीवर बोट ठेवलं. ओठ हलवत वरून खाली मोजलं, मग खालून वर मोजलं. आठच भरले. तिचा चेहरा उतरला. बोट तसंच काचेवर राहिलं.

गोजाबाईला एवढंच पाहिजे होतं. सुनेवर तिचा राग जुना होता, पण त्या दिवशी तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि भीतीनं माणूस जास्त वाईट बोलतो. ती म्हणाली, "कांदा काढाया जायचं व्हतं हिला. पोरगं आडवं येतंय म्हनून डब्बल पाजून निजवलं. डाक्टर, हिच्या हाती आता मी नातू द्येत न्हाई. उद्या घरी न्हेते, आन् हिचा भाऊ यील हिला न्ह्यायला. माह्यारी ऱ्हाऊ दे. पोराबिगर."

गेनू खाली बघत राहिला. गेनूसारख्या माणसांना आईपुढं जमिनीवर नेहमी काहीतरी सापडतं.

गवराबाई भांडली नाही. तेच पुतळाबाईला खटकलं. ती फक्त पुटपुटली, "मंग माजंच डोस्कं फिरलं आसंल. मला चार दिसल्या व्हत्या." आणि भिंतीला टेकून बसली.

"ही बाटली आत ठेवा," म्हणून डॉक्टरांनी ती पुतळाबाईच्या हातात दिली. ती आतल्या फळीवर ठेवताना तिचं बोट पट्टीला लागलं आणि चिकटलं. तिनं बोट पाहिलं. खळ ओली होती. शनिवारी चिकटवलेली पट्टी, फाल्गुनातलं ऊन, दोन दिवस झालेले. अशी खळ दुपारभरात कडकडीत वाळते, मग ही ओली कशी? तिनं पट्टीचं टोक नखानं उचललं. खालच्या काचेवर जुन्या खळीचा पांढरा माग होता, खरवडलेला. तिनं मागं वळून पाहिलं. शालनबाई मोरीवर हात धूत होती. अंगठ्याचं नख घासत होती, पुन्हा पुन्हा.

पुतळाबाईला सगळं एका झटक्यात कळलं आणि कळलं तसं ते पुन्हा झाकून ठेवावं असंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखादं झाकण उघडल्याचा पस्तावा झाला. पण तिचं डोकं थांबायला तयार नव्हतं. शालनबाई पट्ट्या एकेक कापत नसे. कागद एकावर एक ठेवून एका दमात कापायची. मग एकच पट्टी कशी चुकेल? तिनं रजिस्टर उघडलं. शनिवारी लहान पोरांना खोकल्याच्या दोनच बाटल्या दिलेल्या. एक गेनूची. दुसरी मारुतरावांच्या नातीची, दीड वर्षाची, ओढ्यापलीकडच्या वाडीवर.

डोक्यावर पदर घेतला आणि ती निघाली. दीड मैलाची वाट तिनं कशी काटली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. आठवायचं ते एवढंच, की ती देवाला म्हणत होती, मी चुकीची असू दे. मारुतरावांच्या अंगणात नात कोंबडीमागं पळत होती. पुतळाबाई तिथंच ओट्यावर बसली. 

"औषध दिलं न्हाई?" तिनं पोरीच्या आजीला विचारलं.

आजी जरा वरमली. "न्हाई बाई. शनिवारी आणलं. शनिवारी सुरू केलेलं औषिद लांबतं म्हंत्यात. रविवारी तिथ वाईट व्हती. आज सांजच्याला सुरू करनार व्हतो."

असल्या समजुतींवर पुतळाबाई एरवी तोंडसुख घ्यायची. त्या दिवशी तिनं आजीचे हात धरले. बाटली मागून घेतली. काठोकाठ भरलेली, पट्टी कडक वाळलेली, आणि पट्टीवर तीन टवके, चार भाग. घडी एक कमी पडली होती. नव्वद माणसांच्या गर्दीत, एकट्या बाईच्या हातून, एक घडी. दुसऱ्या दिवशी नवी बाटली आणून देते म्हणून सांगून तिनं ती पदराखाली घेतली.

परत आली तेव्हा शालनबाई खोलीत तांदूळ निवडत होती. पुतळाबाईनं बाटली तिच्यासमोर ठेवली. शालनबाईनं बाटलीकडे पाहिलं, मग सुपाकडे.

"पोरगी?" तिनं विचारलं.

"खेळतेय. दिलंच नव्हतं."

शालनबाईनं डोळे मिटले.  आता हे सांगायलाच पाहिजे, ती काही पाषाणहृदयी बाई नव्हती. दिवसभर तिच्या पोटात अन्न गेलं नव्हतं. पण भीती अशी असते की आधी एक पट्टी बदलायला लावते आणि मग तीच पट्टी खरी मानायला लावते.

"पोर उठलं, दूध प्यालं," ती म्हणाली. "आता उकरून काय मिळणार तुला? सासवा-सुनांची भांडणं आठ दिवसांत मिटतात."

"तिच्यापासून पोर तोडतायत, आक्का."

"आन् मला हितनं काढलं तर मी कुठं जाऊ? सांग की. तुला बाप हाय. मला कोन हाय?" मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "आन् शनिवारी तू कुठं व्हतीस, तेबी सांगशील नव्हं? रजिस्टरात बाळंतपण लिवलंय. तुझ्यासाठी लिवलंय. तू आसतीस तर पट्ट्या तू कापल्या आसत्यास."

हे खरं होतं. म्हणूनच ते लागलं. पुतळाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. विषमज्वराचे चाळीस दिवस तिच्यापुढं उभे राहिले, तो एनिमाचा डबा उभा राहिला, तेल लावणारा हात उभा राहिला. ज्या हातानं आपल्याला वाचवलं तो हात धरून आपण डॉक्टरांपुढं न्यायचा? आणि नाही नेला तर? तिला सारखं ते काचेवर ठेवलेलं बोट दिसत होतं. वरून खाली मोजलं, मग खालून वर. त्या बाईनं बरोबर मोजलं होतं, आणि आता ती जन्मभर स्वतःच्या मोजण्यावर विश्वास ठेवणार नव्हती. पोराला दूध पाजताना, डाळ शिजवताना, प्रत्येक वेळी तिला वाटणार की आपलं डोकं फिरलंय.

"तू स्वतःहून सांग," पुतळाबाई म्हणाली. "मी शेजारी उभी राहते."

शालनबाईनं सूप उचललं आणि तांदूळ पाखडायला लागली. हे तिचं उत्तर होतं.

मंगळवारी सकाळी गाडी जुंपून तयार होती. बन्सी आजीच्या कडेवर होता आणि दोन्ही हात आईकडे पसरून रडत होता. गवराबाई चार हात लांब उभी होती. तिच्या हातात एक बोचकं. पोराकडे बघायचं तिनं टाळलं होतं. तिचा भाऊ दुपारी येणार होता. डॉक्टर पोराची छाती तपासून नवीन औषध लिहीत होते, अफूशिवायचं.

पुतळाबाईनं दोन्ही बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या.  दारात शालनबाई उभी होती.

"डॉक्टर, आधी माझं सांगते," ती म्हणाली. "शनिवारी मी बाळंतपणाला गेले नव्हते. पिंपरीला गेले होते, कारखाना बघायला. न विचारता. रजिस्टरातलं खोटं आहे. त्या दिवशी इथलं सगळं काम एका माणसावर पडलं ते माझ्यामुळं."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "कारखाना बघायला?"

"होय. आणि आता ही बाटली बघा. मारुतरावांच्या घरून आणलीय, त्यांनी उघडलेली नाही. लहान पोराची आहे आणि पट्टी चाराची आहे. गवराबाईंच्या बाटलीवरही चाराचीच होती. काल दुपारी ती बदलली. काल खळ ओली होती, आणि खाली जुन्या पट्टीचा खरवडलेला माग आहे, टोक उचलून बघा. बाईंनी तीनदाच पाजलं. खुणेबरहुकूम पाजलं. खूणच दुपटीची होती."

"कुणी बदलली?" डॉक्टरांनी विचारलं.

पुतळाबाईच्या तोंडातून नाव निघेना. तिनं ठरवलं होतं घ्यायचं, पण जीभ उचलली नाही.  मग दारातून शालनबाई आत आली. टेबलावरचा कोरा कागद तिनं उचलला, तीनदा दुमडला, हातानंच टवके काढले आणि उलगडून डॉक्टरांपुढं ठेवला. आठ. "घडी एक ऱ्हायली माझी," ती म्हणाली. "शनिवारी ऱ्हायली. त्याला गर्दी व्हती. काल जे केलं त्याला काही कारण न्हाई." आणि पुतळाबाईकडे न बघता खोलीबाहेर गेली.

शालनबाईचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं. डॉक्टरांनी तिला काढलं नाही. घडी चुकते, म्हणाले, माझ्याही हातून चुकली असती. पट्टी बदललीत त्याची ताकीद देतो. पुतळाबाईलाही तशीच ताकीद मिळाली, कागदावर, सहीनिशी. त्या दिवसापासून एकीनं कापलेली पट्टी दुसरीनं मोजल्याशिवाय बाटली दाराबाहेर जायची नाही असा नियम झाला. शालनबाई दीड महिना राहिली. एकाच खोलीत, एकाच चुलीवर, आणि एक शब्द नाही. पुतळाबाईनं पट्टी पुढं केली की ती मोजायची आणि परत द्यायची, बस्स. वैशाखात सोलापूरकडे निघून गेली. जाताना पुतळाबाईची तेलाची बाटली भरून ठेवून गेली. पुतळाबाईनं पत्रं घातली, पाच-सहा तरी. उत्तर आलं नाही. या गोष्टीचं पुतळाबाईला शेवटपर्यंत दुखलं. म्हातारपणीसुद्धा कुणी विचारलं तर ती म्हणायची, बरोबर केलं, आणि लगेच डोळ्याला पदर लावायची. दोन्ही खरं होतं.

तर, ती मंगळवारची सकाळ. शालनबाई बाहेर गेल्यावर डॉक्टर खुर्चीतून उठले. दहा वर्षांत त्या खोलीत कुणी त्यांना असं पाहिलं नव्हतं. ते गवराबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, काल मी तुमच्यावर संशय घेतला, ते चुकलो. दोष दवाखान्याचा होता."

गवराबाईला ते पहिल्यांदा समजलंच नाही. डॉक्टर बोलतायत म्हणजे पुन्हा रागवत असतील असंच तिला वाटलं असावं. ती पुतळाबाईकडे वळली. "काय म्हंत्यात, बाई?"

"तू बरोबर पाजलंस, असं म्हणतायत. चारच होत्या खुणा. तू बरोबर मोजल्यास."

"म्हंजी माजं डोस्कं न्हवतं फिरलं?"

"न्हाई ग बाई. न्हाई."

तिच्या हातातलं बोचकं खाली पडलं. रात्रभर डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या, ते आता आलं, आणि आलं ते थांबेना. गेनू पुढं झाला, काय करावं कळेना म्हणून त्यानं बोचकं उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं. त्याच्याकडून एवढं झालं हेही त्या घरात नवीन होतं.

गोजाबाई जागची हलली नव्हती. तिच्या कडेवर बन्सी हातपाय झाडत होता.  माफी मागायची रीत सासवांना कुणी शिकवलेली नसते. डॉक्टरांनी नवी बाटली तिच्यापुढं केली. घरची कर्ती तीच, औषध तिच्याच हातात द्यायचं, ही नेहमीची पद्धत. पट्टी पुतळाबाईनं कापली होती, आठाची.

गोजाबाईनं हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला.

"तिच्याकडं द्या," ती म्हणाली. "तिला मोजता येतंय."

आणि मग, जणू हात अवघडला म्हणून, तिनं बन्सीला सुनेच्या अंगावर सोडलं. गवराबाईनं एका हातानं पोर धरलं, दुसऱ्या हातानं बाटली उजेडात धरली आणि खुणांवरून अंगठा फिरवत मोठ्यानं आठपर्यंत मोजलं. मग ती गाडीत चढून बसली.